व्हॅनमामांचा अंदाज

सुधारगृहाची निळी व्हॅन चालवणाऱ्या मामांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक मिशा, दुसरा अंदाज. मिशांबद्दल बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून ते अंदाजाबद्दलच बोलत.

सुटून घरी गेलेला कुठला पोरगा पुन्हा उद्योग करून परत येणार आणि कुठला नाही, हे मामा व्हॅन वळवता वळवताच ठरवून टाकत. "त्यात काय मोठंसं?" स्वयंपाकघराच्या दारात चहा भुरकत ते म्हणत. "दार कोण आणि कसं उघडतं ते बघायचं. कुणी धावत आलं, तर निम्मी काळजी मिटली. फटीतून डोकावून 'आलास का?' म्हणालं, की समजून जायचं. आणि पोरगा सुटल्याची बातमी घरच्यांच्या आधी नाक्यावरच्या टोळक्याला लागली असेल, तर मग विचारायलाच नको!" शाळेनं कुणाचं नाव पटावरून काढलं, कुणाचा बाप दुपारी घरी असतो आणि असला तर शुद्धीवर असतो का, ही सगळी खबरबात त्यांच्याकडे असे. गल्लीबोळातल्या चहाडखोरांनी मामांकडे शिकवणीच लावावी!

स्वयंपाकाच्या मावशी मात्र प्रत्येक पोरगा सुधारणारच, अशी पैज मारत. हरेल त्यानं मोठी पातेली घासायची. इतकी लखलखीत पातेली दुसऱ्या कुठल्या सुधारगृहात नसतील. घासत अर्थातच मावशी.

चिमटा दुसऱ्यांदा सुटला, त्या दिवशीची गोष्ट. अंगानं चिमट्यासारखा, आणि दुसऱ्याची मोटारसायकलही तितक्याच अलगद उचलायचा, म्हणून चिमटा. वय सोळा. वाटेत त्यानं विचारलं, "मामा, या वेळी काय म्हणालात?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल हो. पोरांना सगळं ठाऊक आहे. मागल्या खेपेला म्हणाला होतात, हा परत येणार. आलो की!" चिमटा मनापासून हसला. "तुम्ही काही चुकत नाही. मग मी तरी कशाला जिवाला त्रास करून घेऊ?"

मामांचा गिअर अडकला. गिअरचा काही दोष नव्हता.

घरी पोचले, तर आई पॅकिंगच्या कारखान्यात, रात्री येणारी. दार सावत्र बापानं उघडलं, तेही अर्धवट. आणि चिमट्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच नाक्यावरून शिट्टी आली. अंदाजाला लागणारं सगळं सामान हजर! एरवी मामा खूश होऊन गाणं म्हणत परतले असते. त्या दिवशी किल्ली फिरवायची सोडून ते नुसतेच बसून राहिले.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "मग? घासू ना पातेली?"

"या वेळी पैज उलटी. तो येणार नाही, असं मी म्हणतो."

मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मामांनी भाकरी नांगरानं भाजायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळी व्हॅन त्या नाक्यावर बॉनेट उघडून उभी. "इंजिन तापलंय," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तिसऱ्या दिवशीही तापलं. चौथ्या दिवशीही. टोळक्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या व्हॅनमध्ये बसून आलेला. मामा खिडकीतून प्रेमानं विचारत, "काय रे, तुझी खिडकीजवळची जागा मोकळीच आहे. पुसून ठेवू?" आठवडाभरात नाका ओस पडला. चिमटा सकाळी शाळेत आणि दुपारी समोरच्या गॅरेजात काम शिकायला जाऊ लागला.

"अहो, हा तर रडीचा डाव झाला!" मावशी म्हणाल्या.

"झाला तर झाला."

एका दुपारी काळे हात पुसत चिमटा खिडकीशी आला. "मामा, उद्यापासून इथे थांबू नका."

"अरे, तुझ्यासाठीच तर..."

"कळतं मला. पण गाडीवर काय लिहिलंय, ते सगळ्यांना वाचता येतं. गिऱ्हाइकं मालकाला विचारतात, पोराला न्यायला आलेत का? मालक म्हणाला, आज ना उद्या नेणारच असतील, तर मी याला शिकवू कशाला?"

याचा अंदाज मामांना नव्हता. थांबावं तर पोराचं काम जाणार, जावं तर टोळकं येणार.

"आणि ती पोरं आली तर?"

"येतील ना."

"मग?"

"मग बघू. तुम्ही राखणीला असताना मी काय करीन, ते मलाही कुठे कळतंय?"

मामांनी बॉनेट खाली घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा रस्ता बदलला.

आपल्या सुट्टीच्या दिवशी मात्र मामांना राहवेना. बसनं आले, टोपी कपाळावर ओढून नाक्यावरच्या चहावाल्याच्या बाकावर बसले. व्हॅनशिवाय मामा म्हणजे कुणाचेही सासरे. टोळकं परतलं होतं, त्यातल्या एकानं तर त्यांच्याकडे काडेपेटी मागितली. मग शिट्टी झाली.

चिमट्यानं मान वर केली. हातातला पाना ठेवून तो रस्ता ओलांडून आला. एकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला, काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं, सगळे हसले, चिमटाही हसला. उठून एकेकाचा कान धरावा, असं मामांना फार वाटलं. पण त्यांनी बाकाची कड धरली.

चिमटा परत गेला. पाना उचलला, चाकाशी उकिडवा बसला. टोळकं मात्र हललं नाही. गॅरेज बंद व्हायची वाट बघत तिथेच गप्पा हाणत राहिलं. चिमटा एकाच नटाशी बराच वेळ झटत होता. शेवटची बस आली, तेव्हाही तो मान खाली घालून झटतच होता.

"मग?" मावशींनी दारातच गाठलं. "येतोय का परत?"

मामा चपला काढता काढता थांबले. "ठाऊक नाही."

मावशी पदराला हात पुसत पुढे आल्या आणि त्यांनी मामांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाही," त्या म्हणाल्या.