हप्ते बांधून घेताना

पतसंस्थेच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी मला बसवलं व्हतं. बाजाराचा दिवस. मन्नाएखेळ्ळीचं सगळं गाव समोरून जायलेलं. शिपाई म्हणला, "अप्पा बोलावतील तवा आत या."

अप्पा म्हंजे संस्थेचे चेअरमन, उसाचे मोठे बागायतदार. थकबाकीवाले आतबी व्हते, पण ते त्यांच्या भावकीतले. त्यांना खुर्ची, चहा. मी धनगराची. बाहेर.

माझी एसटीडीची टपरी व्हती, संस्थेचं कर्ज काढून टाकलेली. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेल्या लेकरांशी बोलायला बाया रांग लावायच्या. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. टपरी बसली. कर्ज उभंच. नवरा हैदराबादला वॉचमन म्हणून गेला.

हुमनाबादचे वकील म्हणले, "अक्का, दोन वाटा हायत. कोर्टात नादारीचा अर्ज करा, न्हाईतर संस्थेकडून हप्ते बांधून घ्या. लेखी."

नादारी म्हंजे कोर्टात सांगायचं, माझ्याच्यानं फिटत न्हाई, हाय ते विकून वाटून घ्या. मला ते नको व्हतं. घेतलं तर फेडायचं. व्याज थांबवा, मुद्दल हप्त्यानं देते, एवढंच मागायला मी आलते.

दुपारी शाळा सुटली. माझी लेक मैत्रिणींसंगं रस्त्यानं आली. तिनं मला बघितलं. मग मान फिरवली आन् पुढं गेली. मला राग आला न्हाई. तिच्या जागी मीबी तेच केलं असतं.

शेवटी बोलावलं. अप्पा म्हणले, "मेंढरं राखणाऱ्यांनी फोनचे धंदे कशाला करावेत? हप्ते पायजेत तर पाया पड. ह्या सगळ्यांसमोर."

मी पडले.

कपाळ टेकलं. कुणीतरी हसलं. अप्पा म्हणले, "पुढच्या बाजारी ये. बघू."

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली व्हती. जेवताना लेकीनं विचारलं, "आई, तू पाया कामून पडलीस?"

कर्ज काढताना मी कुणाच्या पाया पडले नव्हते. सही केलती. मग फेडताना पाया कामून?

पुढच्या बाजारी मी थेट आत गेले. खुर्ची ओढली. बसले.

"तुला बस कोण म्हणलं?"

"कुणी न्हाई. देणं पैशाचं हाय, अप्पा. हप्ते लिहून द्या. न्हाईतर मी नादारीचा अर्ज करते. टपरीचे पत्रे विकून काय येतंय ते घ्या."

हात पदराखाली दाबून धरलेले. सेक्रेटरी अप्पांच्या कानाला लागले. अप्पा माझ्याकडं न बघताच म्हणले, "करा कागद."

कागद कानडीत व्हता, आमच्या सीमाभागात तसाच असतो. सगळा वाचला, मगच सही केली.

हायवेच्या ढाब्यावर भाकऱ्या थापल्या. एक हप्ता चुकवला न्हाई. सगळं फिटलं.

पण त्या दिवशी हसलेला माणूस अजून बाजारात दिसतो, आन् माझीच मान खाली जाते. लाज माझी नव्हं, हे कळतंय. तरी जाते.

संस्थेचं देणं व्हतं, ते दिलं. पैशाच्या वर माझ्याकडून जे घेतलं, ते मला परत पायजे. अप्पांच्या तोंडून, त्याच खोलीत, तेवढ्याच माणसांसमोर. त्यात सूट न्हाई. त्याचे हप्ते मी बांधून देणार न्हाई.