सम्राटाच्या हत्तीचा पाय

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या भाऊबीजेला दौलताबादेत, माझ्या सासुरवाडीच्या बैठकीत, एका चिनी सम्राटाची समाधी उभी करण्यात आली. उभी करणारा मी. साहित्य: त्यांचा टीव्ही, माझा मोबाइल आणि माझा आवाज.

बिडकीनच्या आमच्या कारखान्यानं मला आठ दिवस चीनला पाठवलं होतं. तिथली ती समाधी पाहताना डोळ्यांसमोर मामाच होते. मामा म्हणजे माझे सासरे. पाथरवट माणूस, गडाच्या पायथ्याशी पाटे-वरवंटे घडवण्यात जन्म गेला. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला 'छान' म्हटलेलं नव्हतं. दगडाच्या गोष्टीला तरी म्हणतील की नाही?

मोबाइलमधले फोटो टीव्हीवर लावले आणि मी उभं राहूनच सुरुवात केली. समाधीकडे जाणारा लांब रस्ता. दुतर्फा दगडी सिंह, उंट, हत्ती, घोडे. प्रत्येकाची एक जोडी बसलेली, एक उभी.

"रात्री म्हणे पहाऱ्याची पाळी बदलतात," मी आवाज पार खाली आणला.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामा सुपारी कातरत राहिले.

मग दगडी दरबारी आले, लाल भिंतींचा मनोरा आला, त्याच्यामागं झाडांनी झाकलेली गोल टेकडी.

"आणि हिच्या पोटात सम्राट!"

मामांनी खिडकीतून गडाकडं पाहिलं. "आमच्याकडं अख्खा डोंगर तासलाय."

"पण मामा, तो मघाचा हत्ती एका अखंड दगडाचा आहे!"

"हं. आन वेरूळ काय इटंचं हाय व्हय?"

सासूबाई हसत पानं वाढायला आत गेल्या. मी घाम पुसला. तेवढ्यात माझ्या फजितीचा फोटो आला. हत्तीसमोर ऐटीत उभं राहून स्वतःचा फोटो काढायला गेलो होतो आणि निघाला होता नुसता हत्तीचा पाय. घाईनं पुढं सरकवला.

"थांबा! मागं घ्या."

मामा उठले. अडकित्ता हातात तसाच धरून त्यांनी टीव्हीला जवळजवळ नाकच लावलं.

"वर समदं गुळगुळीत. पण हितं, नखाच्या फटीत बघा, छिन्नीचे घाव तसेच ऱ्हायलेत. हितं निसटली त्या पाथरवटाची. मग बाजूनं धरली त्यानं. मीबी तसंच करतो."

त्यांचं बोट काचेवरून, त्या घावांवरून, सावकाश फिरत राहिलं.

"आवो, चला की जेवायला," आतून सासूबाईंची हाक आली, "पोळ्या गार व्हायल्यात!"

"व्हऊ दे गार!" मामा वळूनही न बघता ओरडले. "पंचवीस वर्षांत जावयानं पैल्यांदाच कायतरी नीट दाखवलंय!"