बुधा नावाचा सरकारी माल

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. वनखात्याच्या रेंज ऑफिसातून मी क्लार्क म्हणून रिटायर झालो तेव्हा टेबल, कपाट, स्टॅम्पपॅड, सगळ्याचा चार्ज रीतसर दिला. किस्से तेवढे घरी आणले, कारण त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती! त्यातले निम्मे तरी आमच्या प्राणीमित्र मंडळाचे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा नवा नवा झालेला. आरमोरीजवळच्या आमच्या रेंजला वरून कागद आला: जनतेत वन्यप्राण्यांविषयी प्रेम निर्माण करा, मंडळ काढा. प्रेम पंधरा दिवसांत निर्माण करून अहवाल पाठवायचा होता! रेंजर इनामदार साहेब पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी चिलबुले वकिलांना अध्यक्ष केलं, कारण गावात बारा खुर्च्या फक्त त्यांच्याच घरी. सेक्रेटरी मी, कारण टाइपरायटर माझ्याकडे.

*

पहिली मीटिंग वकिलांच्या बैठकीत. भिंतीवर त्यांच्या सासऱ्याने मारलेल्या रानगव्याचं मुंडकं, बाजूला लायसन फ्रेम करून लावलेलं. शिंगांना छत्र्या टांगायची सोय. वकील उभे राहिले आणि म्हणाले, "बंधूंनो, वन्यप्राणी आपले मित्र आहेत!"

दारात सोमीबाई मडावी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकायला बसली होती. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. म्हातारी, एकटी, जिभेला हाड नाही. तिने मुंडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वकीलभाऊ, बाकीचा मित्र भिंतीच्या तिकडे उभा हाये का?"

मीटिंग चहावर संपली.

*

मग आम्ही बोर्ड रंगवले. वाघाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात, "मला मारू नका." पेंटरने वाघ असा काढला होता की त्याचीच कीव येऊन आपण त्याला काही खायला द्यावं. एक बोर्ड नाक्यावर ठोकला. त्याच आठवड्यात तिथल्या एका शेतकऱ्याचा बैल वाघाने नेला होता, हे आमच्या ध्यानातच नाही!

दुसऱ्या दिवशी बोर्डाखाली कोळशाने लिहिलेलं: "मले बी. तुमचा, बैल."

साहेब म्हणाले, "पुसून टाका." गार्ड म्हणाला, "साहेब, काय चुकीचं लिवलं त्यानं?" पुसायला शेवटी मलाच जावं लागलं.

*

वर्ष संपत आलं आणि अहवालातला 'वाचवलेले प्राणी' हा रकाना रिकामाच. वकील अस्वस्थ. "अरे, एखादा तरी वाचवा ना लेकहो!" तेवढ्यात कोणीतरी बातमी आणली की सोमीबाईच्या गोठ्यात चितळाचं पिल्लू आहे.

होतंच. त्याच्या आईला गावकुत्र्यांनी फाडलं, पिल्लाचा डावा कान फाटला, ते बाईला धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सापडलं. बुधवारी सापडलं म्हणून नाव बुधा. तिने त्याला शेळीचं दूध पाजून जगवलं होतं.

आम्ही जीप घेऊन वाचवायला गेलो! साहेबांनी कायदा समजावला. "बाई, वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे. घरी बाळगणं गुन्हा."

"सरकारचा हाये तं रातभर त्याले दूध पाजाले सरकार काऊन नाई आलं?"

साहेबांनी पेन काढलं. बाईवर केस, बुधा जीपमध्ये. ती जीपमागे पार नाल्यापर्यंत पळत आली. एकदा दिसल्यावर मी पुन्हा वळून पाहिलं नाही. आजही ते आठवलं की लाज वाटते.

*

जप्त केलेला माल म्हणजे मुद्देमाल, आणि आमचा मुद्देमालाचा फॉर्म सागवानाचा! लांबी, गोलाई, प्रत. मी टेप घेऊन बुधाची लांबी घेतली, गोलाई घेतली. प्रत काय लिहायची? साहेब म्हणाले, "मध्यम लिहा." खाली शेवटचा रकाना: 'हॅमर मारला काय?'

मागे वळून पाहतो तर आमचा गार्ड पोचमल, सिरोंच्याकडचा, अतिशय प्रामाणिक माणूस, लाकडावर छाप मारायचा लोखंडी हॅमर घेऊन उभा!

"अरे, हे काय करतोस?"

"बाबूजी, बिना छापाचा माल डेपोत ठेवता येत नाई. तीस साल झाले, एक बी नग सोडला नाई."

पिल्लाला माझ्या टेबलाखाली ढकललं तेव्हा कुठे वाचलं. शेवटी पुठ्ठ्यावर केस नंबर लिहून, सही-शिक्का करून गळ्यात बांधला. तासाभरात बुधाने तो पुठ्ठा खाल्ला. शिक्क्यासकट!

*

पण त्यानंतर त्याने काहीच खाल्लं नाही. दोन दिवस. बाटली लावली, तोंड फिरवलं. डोळे खोल गेले, मान टाकली. वकिलांनी तातडीची सभा घेऊन 'मंडळ चिंता व्यक्त करते' असा ठराव केला. मी तो टाइप केला आणि खरं सांगतो, इतका राग आला की टाइपरायटर उचलून फेकावासा वाटला.

मग मीच एक पळवाट काढली. मुद्देमाल सांभाळायला जबाबदार माणसाकडे सोपवता येतो, त्याला सुपुर्दनामा म्हणतात. केसचा निकाल लागेपर्यंत माल त्याच्याकडे, फक्त प्रत्येक तारखेला कोर्टात हजर करायचा. साहेबांनी विचारलं, "जबाबदार माणूस कोण?"

"सोमीबाई मडावी."

"आरोपीच?"

"नाहीतर तुम्ही पाजून बघा, साहेब."

साहेबांनी पाजून पाहिलं. सगळं दूध युनिफॉर्मवर! त्यांनी मुकाट सही केली. बाईने अंगठा लावला, आणि त्याच अंगठ्यावर दूध घेऊन बुधाच्या तोंडात दिला. तो चुटूचुटू चोखायला लागला. पोचमलने तोंड फिरवून डोळे पुसले, हॅमर अजून हातातच.

*

मग सुरू झाल्या तारखा. सोमीबाई बुधाला घेऊन एसटीने गडचिरोलीला. पहिल्याच दिवशी कंडक्टर अडून बसला, "ओ बाई, जनावराचं तिकीट लागते!"

बाईने सुपुर्दनामा काढून दाखवला. "सरकारी माल हाये. सरकारच्या गाडीत सरकारले तिकीट कायचं मागते रे?"

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने देवाच्या फोटोकडे. गाडी निघाली. पुढे तर तारखेच्या दिवशी लोक बुधासाठी खिडकीची जागा धरून ठेवत! कोर्टात कधी सरकारी वकील आजारी, कधी साक्षीदार गैरहजर. तारीख पे तारीख, आणि तिकडे बुधाला शिंगं फुटली.

*

आता शेवटचा किस्सा. शिंगं आल्यावर बुधा दिवसा जंगलात, रात्री गोठ्यात, असं करायला लागला. एके दिवशी गेला तो परतलाच नाही. त्यानंतरच्या तारखेला नेमके सगळे हजर! जज्जसाहेबांनी विचारलं, "मुद्देमाल कुठे आहे?"

"सरकारचा माल होता ना साहेब? सरकारच्याच जंगलात ठेवून आली. मोजून घ्या!"

कोर्ट हसलं. जज्जसाहेबही हसले, पण कागद तो कागद. हुकूम निघाला: बाईला सोबत नेऊन जनावराची ओळख पटवा. पटली, तर पकडून नागपूरला पिंजऱ्यात पाठवा. नाही पटली, तर बाईने सरकारी माल गमावला, तिने तुरुंगात जायची तयारी ठेवावी.

निघालो आम्ही. साहेब, वकील, जाळं घेऊन पोचमल, पंचनाम्याचा कागद घेऊन मी, आणि पुढे सोमीबाई. बोडीवर, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यावर, चितळांचा कळप पाण्यावर आला होता. पन्नासेक असतील. सगळे सारखे! साहेबांनी दुर्बीण लावली, पण वारा आमच्याकडून गेला आणि कळपाने माना वर केल्या. त्यातला एक शिंगाळा नर पळाला नाही. आमच्याकडेच टक लावून उभा. डावा कान फाटका.

मी पाहिलं. पोचमलनेही पाहिलं असणार, कारण तो जाळ्याची गाठ सोडता सोडता थांबला.

वकील कुजबुजले, "सोमीबाई, मार ना हाक! एका हाकेत सुटतेस. नाहीतर खडी फोडाले जाशील!"

बाई बांधावर बसली. कमरेची पिशवी सोडली, तंबाखू काढली, चुना लावला, सावकाश मळली. चिमूट तोंडात टाकली.

साहेब जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हाक का मारत नाही?"

बाईने तळ्याकडे पाहतच सांगितलं, "हाक मारली तं तो येईन ना, साहेब."