बापूवैद्यांचं पिस्तुल

चहा घ्या, पण मी सांगतोय तोवर मोठा घोट घेऊ नका. मागे एकाने घेतला होता, तो नाकातून आला.

तर माझी फजिती. तशा माझ्या नावावर फजित्या पुष्कळ आहेत हो, पण पोलीस व्हॅनमधून मिरवणूक निघाली ती एकाच फजितीत.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज मोर्चा, उद्या लाठी, परवा कर्फ्यू. मी तेव्हा दादरला राहायचो आणि फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे ज्युनिअर क्लार्क होतो. पगार बेताचा, पण इंग्रजी? अहो, इंग्रजीचा तोरा असा, की घरी आईकडे मीठ मागताना आधी मनात त्याचं भाषांतर करून पाहायचो. आई वैतागायची. मीठ मिळेपर्यंत वरण संपलेलं असायचं.

एक दिवस साहेबांनी बोलावलं. "सबनीस, गिरगावात जा. मुगभाटात एक बापूवैद्य होते, ते वारले. मृत्युपत्रात सगळं बायकोला ठेवलंय. आपल्याला प्रोबेट मिळवायचंय. घरातल्या चीजवस्तूंची यादी करून आणा, अंदाजे किमती घालून."

प्रोबेट म्हणजे काय, तर मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. तो बसेपर्यंत माईंना, म्हणजे वैद्यांच्या बायकोला, नवऱ्याच्या बँकेतल्या पैशाला हात लावता येत नव्हता. मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून बाई चाळीत औषधाच्या पुड्या बांधून देऊन दिवस काढत होत्या. म्हणजे काम घाईचं होतं. आणि घाईचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं, ही खरं तर त्यांची फजिती. पण ती ते कुणाला सांगत नाहीत.

गेलो. चाळीचा दुसरा मजला, दोन खोल्या. पुढे वैद्यांचा दवाखाना, मागे संसार. सुंठ, ओवा आणि हिंगाचा असा वास, की नुसतं उंबऱ्यात उभं राहिलं तरी पोट साफ व्हावं.

माई एकेक वस्तू दाखवायच्या आणि मी तिचं इंग्रजी करायचो.

"हे पाट, चार."

"लो वुडन सीट्स, फोर."

"ही विळी."

"आयर्न कटर, विथ सिटिंग अरेंजमेंट."

"अगं बाई! आणि हे मोदकपात्र."

"स्टीमर."

माई थांबल्या. "स्टीमर म्हणजे ती रेवसला जाते तीच ना रे?"

"ती वेगळी, माई. ह्याला चाकं नसतात." म्हणजे तिलाही नसतात, हे मला जिना उतरताना सुचलं.

आणि किमती? 'नॉमिनल' हा शब्द मला नुकताच सापडला होता. ट्रंक नॉमिनल. बरण्या नॉमिनल. औषधाचं कपाट नॉमिनल.

"नॉमिनल म्हणजे किती रे?" माईंनी विचारलं.

"म्हणजे नावापुरती किंमत."

"चाळीस वर्षांचा संसार आहे तो."

"कोर्टाच्या दृष्टीने म्हणतोय, माई." असं म्हणून मी पेनाचं टोपण लावलं. तेव्हा माझ्या मुस्कटात मारायला कुणी नव्हतं, हे माझं दुर्दैव.

मग निघाला खलबत्ता. लोखंडी, ओतीव, वैद्यांच्या वडिलांच्या वेळचा. उचलताना माझ्या पाठीत उसण भरली.

"खलबत्ता, एक. लिही," माई म्हणाल्या.

"माई, कोर्टाला खलबत्ता कळत नाही." आणि मी छाती फुगवून म्हणालो, "मॉर्टर अँड पेस्टल!"

आता इथे गंमत आहे बघा. बत्त्याच्या इंग्रजी शब्दात 'टी' आहे, पण इंग्रज तो उच्चारत नाहीत. 'पेसल' म्हणतात. मला काय ठाऊक? शब्द मी डिक्शनरीत वाचलेला, कुणाच्या तोंडून ऐकला कधी? अक्षर छापलंय तर ते पुरेपूर वापरायचं, वाया घालवायचं नाही, ही आमच्या घराण्याची शिस्त! मी तो 'टी' असा ठणकावून म्हणायचो की समोरच्याने दचकावं.

शेवटी दोन बरण्या काळ्या दंतमंजनाच्या. 'पावडर, ब्लॅक, टू जार्स.' झाली यादी.

ऑफिसात येऊन टायपिस्ट मिस डिसोझांना मजकूर सांगितला. खलबत्त्याशी त्या अडल्या. "व्हॉट इज धिस, सबनीस? स्पेलिंग?"

"मिस डिसोझा, एवढी वर्षं टाइप करताय आणि पेस्टलचं स्पेलिंग मला विचारता?"

बाईंनी ओठ मुडपले आणि ऐकू आलं ते टाइप केलं. मी वाचलं का? छे! शेवटच्या पानावर सही ठोकली, सहीखाली दोन रेघा मारल्या आणि कागद कोर्टात गेले.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसात एक इन्स्पेक्टर आले. साहेब कोर्टात होते. इन्स्पेक्टर कोल्हापूरकडचे असावेत. मोर्चेवाल्यांवर ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसलेला.

"ही यादी तुमची?"

"माझीच."

"ह्यातलं पिस्टल तुम्ही डोळ्यांनी बघितलं?"

पिस्टल! मला हसू आलं. म्हटलं, गावाकडचा माणूस, उच्चार जरा कच्चा असणारच. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

"बघितलं? हातात धरलंय, साहेब. चांगलंच जड आहे."

"चालू आहे?"

"वैद्यांच्या वडिलांपासून चालू आहे. सकाळ-संध्याकाळ."

इन्स्पेक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता कोण चालवतं?"

"माईच. शिवाय सगळी चाळ मागून नेते. दिवाळीत तर नंबर लागतात."

"सगळी चाळ?"

"हो तर! एकदा सुरू झालं की खालच्या मजल्यापर्यंत दणदण ऐकू येतं."

"आणि किंमत नॉमिनल?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एवढ्या स्वस्तात कुठं मिळतं, आम्हालाही सांगा की. बरं, ही काळी पावडर?"

"ती वैद्य घरीच बनवायचे. हातखंडा होता त्यांचा."

"चला," इन्स्पेक्टर उठले. "व्हॅन खाली आहे."

मला काय वाटलं सांगू? वाटलं, काय हे सरकारी काम! एका खलबत्त्याची खात्री करायला व्हॅन पाठवतात. मी ऐटीत पुढच्या सीटवर बसलो. फोर्टापासून गिरगावापर्यंत कुणी ओळखीचं दिसतं का बघत होतो, हात करायला.

ओळखीचे दिसले ते मुगभाटात. व्हॅन चाळीपुढे थांबली, मी उतरलो, मागून इन्स्पेक्टर आणि दोन हवालदार. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक बाई किंचाळली, "अहो, तो बघा यादीवाला! त्या दिवशी यादी करून गेला आणि आज पोलीस घेऊन आला!"

त्या दिवसांत 'यादी' शब्दाला एकच अर्थ होता, कुणाकुणाला उचलायचं त्याची यादी. बघता बघता तिन्ही गॅलऱ्या भरल्या. "फितूर! खबऱ्या!"

"अहो, मी तुमच्यातलाच!" मी ओरडलो. "परवाच्या सभेला पहिल्या रांगेत होतो!"

"नावं लिहायलाच ना?" वरून उत्तर आलं. पाठोपाठ बादलीभर पाणी आलं. साधं नव्हे, निळीचं! पांढरीशुभ्र पॅन्ट आणि शर्ट घातला होता हो मी. क्षणात भगवान श्रीकृष्ण झालो. इन्स्पेक्टर दोन पावलं मागे होते, त्यांच्यावर थेंब नाही.

वर माई दारातच उभ्या होत्या. इन्स्पेक्टरांनी आत पाऊल टाकलं आणि थेट विचारलं, "बाई, घरात गोळ्या आहेत?"

"आहेत की. बरणी भरून आहेत."

"आणल्या कुठून?"

"आणायच्या कशाला? हे स्वतः वळायचे. आता मी वळते."

"कुणाकुणाला दिल्या?"

"मागेल त्याला देते. परवाच्या मोर्च्याआधी चाळीतले सगळे मूठमूठ घेऊन गेले."

एक हवालदार हळूच गॅलरीत सरकला. इन्स्पेक्टरांचा हात पट्ट्याकडे गेला. "मोर्च्यात गोळ्या कशाला?"

"घोषणा देऊन घसा बसतो ना, बाबा. तुझाही बसलाय की. आ कर बघू."

आणि काय सांगू, त्या माणसाने आ केला! माईंनी दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या. "चावू नकोस, चघळ."

गोळ्या गालात ठेवून इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "पिस्टल कुठाय?"

आली माझी वेळ! निळा, निथळता, पण ताठ मानेने मी पुढे झालो आणि बोट दाखवलं. "हे काय, समोरच!"

"हा तर खलबत्ता आहे."

"तेच ते. हा मॉर्टर, आणि आतलं ते पेस्टल."

मग खिशातून यादी काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. माझी स्वतःची यादी मी पहिल्यांदाच वाचत होतो. पी, आय, एस, टी, ओ, एल. खाली माझी सही. सहीखाली दोन रेघा.

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण दुसऱ्या मजल्यावर जमीन कुठून आणायची?

"ह्या दांड्याला मराठीत काय म्हणतात?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. गोळीचा गुण येऊ लागला होता, आवाज सुटला होता.

"बत्ता."

"मग बत्ता लिहायला काय धाड भरली होती?"

"कोर्टाला कळणार नाही म्हणून..."

"कोर्टातनं आमच्याकडं कागद पाठवणारा कारकून मराठी. तुमचा साहेब मराठी. मी मराठी. ही बाई मराठी. ह्यात न कळणारा तुमच्याशिवाय होता कोण?"

गॅलरीतून जे हसू फुटलं ते चर्नी रोड स्टेशनपर्यंत गेलं असेल. माई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला टॉवेल दिला आणि इन्स्पेक्टरांना चौकीसाठी गोळ्यांची मोठी पुडी बांधून दिली. पुढे आठवडाभर गिरगावात घोषणा देणारे आणि त्या बंद करा म्हणणारे, दोघांचे घसे एकाच बरणीवर चालले होते.

इथवर गंमत झाली. पण पोलिसांचा खुलासा, कोर्टाचा शेरा, नवीन कागद, ह्या सगळ्यात माईंचं प्रोबेट दीड महिना लांबलं. माझ्या एका 'टी'पायी ती बाई दीड महिना पुड्या बांधत राहिली. ह्याचं हसू मला तेव्हाही आलं नाही, आजही येत नाही.

साहेब ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "सबनीस, यादी पुन्हा करा. स्वतःच्या हाताने. आधी प्रत्येक वस्तूचं मराठी नाव, देवनागरीत. पुढे इंग्रजी मी लिहीन. आणि ते नॉमिनल तेवढं जपून ठेवा, तुमच्या पगाराला लावीन."

मी रविवारी बसून सगळी यादी सुवाच्य अक्षरात लिहिली. एकही इंग्रजी शब्द नाही. अभिमानाने माईंकडे घेऊन गेलो, म्हटलं, सही करा.

माईंनी सही केली नाही. वैद्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई, असं वाचून हिला काय कळणार, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

बोट थांबलं. "हे काय लिहिलंयस?"

"खलबत्ता."

"खलबता लिहिलंयस. जोडाक्षर कुठेय?"

बोट पुढे सरकलं. "विळीची वि ऱ्हस्व हवी. मोदकपात्राला काना नाही दिलास. फडताळातला ळ लंगडा आहे." कानामागची पेन्सिल काढून त्यांनी एका पानावर सात ठिकाणी दुरुस्त्या केल्या. मी समोर हाताची घडी घालून बसलो होतो, पहिलीतल्या मुलासारखा.

मग त्यांनी सही केली. कागद माझ्या हातात दिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "राज्य मागताय ना रे तुम्ही सगळे? मागा हो, अगदी ठणकावून मागा. फक्त मिळालं की पत्रव्यवहाराला दुसरा कुणीतरी ठेवा."