नसेवरचा गंडा

ज्या नसेवर माझ्या ऑपरेशनची सगळी मदार होती, नेमका तिच्यावरच मी मारुतीचा गंडा करकचून बांधला.

आधी हे घडलं कसं ते सांगतो. आंजीहून बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस भरून निघालो होतो. मागच्या बंडीवाल्याला ऐट दाखवायला मी वर उभा राहिलो, चाक खड्ड्यात गेलं आणि मी थेट बंडीच्या खुंटीवर बसलो. जखम भरली, पण शौचावरचा ताबा गेला तो गेलाच. धोतर केव्हा भरेल याचा नेम नाही. ज्या मारुतीपुढे दर शनिवारी खंजिरी वाजवायचो, त्याच्या देवळाची पायरी चढणं बंद झालं. बाहेर लिंबाखाली बसून भजन ऐकायचं आणि आत बसलेल्यांवर जळायचं. एकच मागणं उरलं होतं: पुन्हा आत बसू दे.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. मांडीच्या आतला एक लांब स्नायू गुडघ्याकडून सोडवायचा, वर वळवायचा आणि गुदद्वाराभोवती गुंडाळायचा. मी म्हटलं, "म्हणजे पिशवीच्या तोंडाले नाडी!" डॉक्टर हसले, मग जांघेखाली बोट ठेवून गंभीर झाले. "या स्नायूला रक्त इथून मिळतं. ही नस पिळली, ताणली किंवा दबली, तर स्नायू आतल्या आत मरेल. मग माझ्या हाती काही नाही."

ऑपरेशन झालं. मला वाटलं, सगळं एका नसेवर आहे, तर तिला राखण हवी. उशाखाली देवळातला गंडा होता. तो दंडावर बांधतात. मी डॉक्टरांनी दाखवलेली जागा बरोबर लक्षात ठेवून मांडीवर बांधला. सैल राहू नये म्हणून दोन गाठी मारल्या, त्यावर देवळातून आणलेलं तीर्थ शिंपडलं. ओलं सूत आणखी आवळलं. पाय ठणकू लागला, तेव्हा गंडा लागू पडला म्हणून मी खूश! नर्सबाईंनी विचारलं तर "काई नाई" म्हणालो. मग पाय बधिर झाला आणि माझी बोबडी वळली. तरी सांगायची लाज. डोक्यावरून चादर ओढून मारुतीरायाला म्हटलं, आता तूच ये.

आली एक अनोळखी बाई. हिंगणघाटहून भावाला भेटायला आलेली, खाट चुकलेली. "काऊन रे भाऊ, तोंड झाकून निजला?" म्हणत तिने पायाकडून चादर उचलली आणि किंचाळलीच. "अगं माय! हा तं माया भाऊ नोहे! पण याचा पाय काऊन निळा पडून राह्यला? बाई, कात्री आणा वो!"

नर्स कात्री घेऊन धावत आली. मी दोन्ही हातांनी गंडा झाकला. "देवाचा हाये, कापू नका!"

"देव दुसरा गंडा देईन. दुसरा पाय देईन का?" बाईने माझे हात बाजूला केले आणि नर्सने गंडा कापला. पायात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. धावत आलेले डॉक्टर गंड्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी जांघेखाली बोट ठेवलं: वळ नेमका त्या नसेवर. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसलो होतो. मी बाईला म्हटलं, "तुम्हाले मारुतीनं धाडलं."

"मीनं तं औंदा बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव सोडले," ती म्हणाली आणि भावाची खाट शोधत निघून गेली. पुन्हा कधी दिसली नाही.

स्नायू वाचला की मेला, हे कळायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी काहीच बांधलं नाही, काहीच केलं नाही; आयुष्यात पहिल्यांदाच देवाच्या कामात हात घातला नाही. अखेर एके सकाळी डॉक्टर म्हणाले, "गुडघे जवळ दाबा." दाबले आणि आत काहीतरी आवळलं. मी रडलो.

पुढे एका शनिवारी भजन संपेपर्यंत देवळात बसलो, कोरडा. मागितलं ते मिळालं, आणि देव सोडलेल्या बाईच्या हातून मिळालं. ती कोणी धाडली, याचा खल मी करत नाही. देवाला वाट मोकळी ठेवावी, आपण गाठी मारू नयेत, एवढं शिकलो.

घरी येऊन हे सगळं बायकोला भारावून सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"गंडा डोक्याले बांधाचा होता," ती म्हणाली. "तिथं कुठं रक्त जाते तुमच्या!"