हिरवा रकाना

शहरातल्या मस्तगड भागात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून मी मुलांना गटात शिकवणारं सॉफ्टवेअर बनवलं. एक टॅब, चार मुलं, प्रत्येकाचा एक कोपरा आणि एक रंग. ज्याला उत्तर द्यायचं त्याने आधी आपला रंग दाबायचा, मग उत्तर. म्हणजे कुणी किती काम केलं ते आपोआप मोजलं जाणार. मिळून शिकणं म्हणजे काय, यावर मी तेव्हा कुणालाही अर्धा तास ऐकवायचो. बायको चहा ठेवून निघून जायची.

चाचणीला शाळा मिळाली ती वडीगोद्रीहून आत एका खेड्यातली, पाचवीचा वर्ग. माझ्या टेबलावर टॅब स्टँडवर उभा असायचा आणि आम्ही सगळे एकाच बाजूने बघायचो. तिथे तो सतरंजीवर आडवा ठेवला आणि मुलं चारी बाजूंनी बसली. समोर बसणाऱ्याला सगळं उलटं. त्यात सरांचा नियम, सरकारी वस्तू आहे, फुटली तर चौकशी लागेल, हात फक्त गटाचा मॉनिटर असलेल्या मुलाने लावायचा. मॉनिटर कधी आपला रंग दाबायचा, कधी दोन्ही बाजूंच्या दोस्तांचा. समोरचा हिरवा त्याच्या हाताला लांब पडायचा. सरांकडे दोन वर्ग होते, ते बहुतेक वेळ शेजारच्या खोलीत असायचे.

हिरव्यापाशी एक मुलगी बसायची. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि तिलाही नेत. शाळेत ती उशिरा परतली, म्हणून उरलेली जागा तिची. यंदा तिला गावातच चुलतीकडे ठेवायचं, असं बापाच्या मनात होतं. पण पोरगी खरंच शिकत असेल तरच, हे त्याने सरांना सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या खेपेला मी मागे बसून पाहिलं. ती गणित उलटं वाचायची आणि हळू आवाजात, मॉनिटरला ऐकू जाईल एवढंच, सांगायची, "न्हाई, आधी भागाकार कर, मंग बेरीज." मॉनिटर बोट लावायचा आणि टॅबवर बरोबर उत्तराच्या चांदण्या उडायच्या. त्या चांदण्यांवर मी आठवडा घालवला होता. मला इतकी गंमत वाटली की मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, तिला शाबास म्हणालो.

घरी येऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, "उलटं कामून वाचून राह्यली ती? तिच्याकडं फिरवून का न्हाई देत?"

"पुढच्या वेळी करू," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांची सभा झाली. तालुक्याचे अधिकारी आले होते. त्यांना पसंत पडलं तर माझं सॉफ्टवेअर तालुकाभर जाणार होतं. मी नवे कपडे घालून गेलो आणि भिंतीवर रंगीत तक्ता लावला, कोणत्या गटात कुणी किती काम केलं त्याचा. तिचा बाप तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"आमच्या पोरीचा रंग कोणता, साहेब?"

"हिरवा."

"हिरवं तर कुठंच दिसून न्हाई राह्यलं."

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "बिलकुल भाग घेत न्हाई ती. मशीननं मोजलंय, मी न्हाई."

मुलगी दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मोबाइल माझ्या खिशात होता. काढून दाखवायला मिनिटही लागलं नसतं. पण अधिकारी शेजारी उभे होते, आणि तो व्हिडिओ दाखवणं म्हणजे माझी मोजणीच खोटी आहे हे कबूल करणं. मी मोबाइल खिशातच राहू दिला. घाबरलो होतो असंही नाही. मला माझा तक्ता वाचवायचा होता.

"मंग इथं ठिवून काय करावं," बाप म्हणाला. "संगं नेतो. धाकट्याला तरी सांभाळील." त्याने मला रामराम केला आणि लेकीला घेऊन गेला.

सॉफ्टवेअर पसंत पडलं. अधिकाऱ्यांना चांदण्या फार आवडल्या. दिवाळीनंतर मी स्क्रीन चारी बाजूंना फिरेल अशी सोय केली आणि रंगांची मोजणी काढून टाकली. दोन दिवसांचं काम होतं. त्या गावाला मात्र मी पुन्हा गेलो नाही. लाज वाटत होती असं मी लोकांना सांगतो. तेवढं सांगितलं की लोक मला चांगला माणूस समजतात, हेही मला ठाऊक आहे.

महिन्याभराने सरांचा फोन आला.

"साहेब, त्या एका गटाचं उत्तर बराबर येतच न्हाई. आधी समदी बराबर यायची. दिवाळीपासून असंच चालू आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड झालाय का?"

"बघतो," मी म्हणालो.