ताटाबाहेरचा रुपया

आमच्या घरी धनतेरसला चांदीचे रुपये चिंच आणि राख लावून घासतात आणि ताटात मांडून पुजतात. तापीकाठच्या आमच्या गावात बहुतेक घरांत हेच चालतं. एक रुपया मात्र आमच्या ताटात कधी आला नाही. तो माझा.

मी जन्मले तेव्हा आईची आई मला बघायला आली आणि तिने तो माझ्या मुठीत ठेवला. ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. रुपया कधीपासून जपला होता, तिलाच ठाऊक. माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली. ती तिथेच बसली होती. तिने तो मुठीतून काढला आणि फरशीवर टाकला. आमच्याकडे रुपया असाच पारखतात, आवाजावर. घरातले रुपये खणखणायचे. हा थडकन पडला.

"भावजाई, तुन्ही मायनी जस्त दिन्हं वं," फुई म्हणाली. "पोर व्हयनी म्हनीसन का?"

आजी चहा न घेता निघून गेली. रुपया चिंधीत बांधून आईच्या पेटीत गेला. पुढे आजी वारली, तरी लग्नाकार्यात कुणाचा खोटेपणा निघाला की फुई म्हणायची, "भावजाईना रुपयासारखं." आई हसण्यावारी न्यायची. पण दिवाळीचं ताट मांडताना ती पेटीकडे बघायची नाही, हे माझ्या लक्षात यायचं.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. लोणखेड्याला एस.टी.ने जाऊन-येऊन रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, ते सांगताना माझी मान ताठच असते. आता धडगावला नोकरी करते. गेल्या दिवाळीला घरी आले, तर आईने ती चिंधी माझ्यापुढे ठेवली.

"तू इतली शिकनी. हाऊ खरा शे का खोटा, एकदाव सांगी टाक. खोटा ऱ्हायना तरी सांग."

रुपया खोटा निघाला असता तर आजी कायमची खोटी ठरली असती. मी आधी फोनवर जुन्या नाण्यांबद्दल वाचलं. पण फोनवरचं सगळं खरं धरायचं नसतं, म्हणून तो रुपया आणि पूजेतला एक रुपया घेऊन आम्ही दोघी शहाद्याला सराफाकडे गेलो. वजन दोन्हींचं सारखं भरलं, तोळाभर. कसोटीवर मात्र आजीच्या रुपयाचा कस निम्माच लागला. आईने लगेच चिंधी आवरायला घेतली.

"थांब," मी म्हटलं आणि सराफाचं भिंग मागितलं.

साल होतं १९४४. महायुद्धात चांदी कमी पडली, तेव्हा सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. नकली नाणी ओळखता यावीत म्हणून कडेच्या दातऱ्यांमध्ये मधोमध एक नक्षीदार खाच ठेवली होती. ती खाच जशीच्या तशी होती. सराफानेही पाहिली आणि म्हणाला, "टाकसाळीचाच आहे. शंकाच नको."

मग मी दोन्ही रुपये शेजारी ठेवले. पूजेतल्या रुपयावरच्या राणीचं नाक, डोळे सगळं एक झालं होतं, इतक्या वर्षांची राख त्यावरून फिरलेली. आजीच्या रुपयावर राजाच्या मुकुटातले मोती वेगवेगळे दिसत होते. कुणी त्याला ताटात घेतलंच नाही, म्हणून तो घासलाही गेला नाही. चांदीच्या मोलापेक्षा हौशी गिऱ्हाईक याचे जास्त देईल, असं सराफाचं मत पडलं. आईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "खरा शे," एवढंच ती बसमध्ये दोनदा म्हणाली.

धनतेरसला फुई आली. मी तिला खाच दाखवली, चांदी निम्मी म्हणून आवाज बसका, हेही सांगितलं. तिने रुपया पुन्हा फरशीवर टाकला. आवाज तोच, थडकन.

"मंग मी सरकारले शिव्या देवाले पाह्यजे व्हत्या," ती म्हणाली. आणि आईकडे न बघता, "तुन्ही माय चहा नही लेता गई व्हती."

आईने रुपया उचलला आणि चिंचेच्या वाटीत बुडवला.

"आई, याले घासू नको," मी म्हटलं. "किंमत उतरी जाई."

"बाकी बठा रुपयास्ले घासस. याले का बर नही?"

तिने तो राखेने चांगला घासला, धुतला, पदराने पुसला आणि ताटात मधोमध ठेवला. फुईने कुंकवाची वाटी पुढे सरकवली.